विसर्जन मिरवणूक, ढोल-ताशा आणि मुलांचे कान: कोणते संरक्षक साधन निवडावे?

नारायणपेठकर (प्रश्न)

नमस्कार. गणेशोत्सव जवळ आला की हा प्रश्न अनेक घरांत पडत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमचे घर नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्यापासून दोन इमारती आत आहे. मुलगी साडेचार वर्षांची आहे, मुलगा आठ महिन्यांचा आहे, आणि नववीत शिकणारा माझा भाचा यंदा पहिल्यांदाच ढोल पथकात वादनाला उतरतो आहे. मिरवणूक आमच्या घराची आहे असे आम्ही मानतो. माझे आजोबा याच रस्त्यावर उभे राहून मानाचे गणपती पाहत असत, त्यामुळे मुलांना यापासून तोडायचे नाही. पण मुलांच्या कानांची किंमतही द्यायची नाही.

बुधवार पेठेतल्या सुरक्षा-साहित्याच्या एका दुकानातून कारखान्यात वापरतात तसे इअरमफ आणून पाहिले. मुलीच्या डोक्यावर पट्टी सर्वांत आखूड करूनही कानाच्या पाळीखाली, जबड्याजवळ, माझे करंगळीचे टोक सहज आत जाईल एवढी फट राहते. ऑनलाइन शोधले तर ‘लहान मुलांसाठी, ३५ डेसिबल संरक्षण’ असे लिहिलेली रंगीत जोडी अगदी स्वस्तात मिळते, पण तिच्यावर कोणत्याही मानकाचा क्रमांक नाही. काही विदेशी कंपन्यांच्या जोड्यांवर एनआरआर, तर काहींवर एसएनआर असे आकडे आहेत. त्यांतला फरक मला कळत नाही. घरातील ज्येष्ठ म्हणतात की कापसाचे बोळे घाला, आमच्या वेळी तेवढ्यावर भागत असे.

तेव्हा विचारायचे असे की, साडेचार वर्षांच्या मुलीसाठी काय घ्यावे, आठ महिन्यांच्या बाळाला काही घालावे का, आणि भाच्याला वाजवताना कानात काय घालता येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

श्रवणतज्ज्ञ_मिरज

नमस्कार. मी गेली बरीच वर्षे मुलांच्या श्रवण तपासणीचे काम करते, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले. बहुतेक पालक आमच्याकडे मिरवणुकीनंतर येतात.

आधी कापसाविषयी. कापसाचा सुटा बोळा आवाज जेमतेम पाच-सात डेसिबलने कमी करतो, तोही मुख्यतः वरच्या पट्टीतला. ढोलाचा आणि डीजेचा खालच्या पट्टीतला दणका त्यातून जवळपास तसाच आत जातो. आवाज किंचित मऊ वाटल्यामुळे घरचे लोक निर्धास्त होतात आणि मूल अधिक वेळ तिथे उभे राहते. कापसाचा खरा तोटा हाच आहे.

आता आकड्यांकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. प्रौढांसाठी तीच ८० डेसिबल आहे. आवाज दर तीन डेसिबलनी वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, हे गणित लक्षात ठेवा. लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत सीओईपीचे, म्हणजे पुण्याच्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आणि आताच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे, विद्यार्थी विसर्जनाच्या वेळी मोजमाप घेतात आणि अनेक वर्षी ते आकडे शंभरीच्या आसपास गेलेले आहेत. शंभर डेसिबलला ७५ च्या मर्यादेचे गणित लावले, तर मुलाच्या वाट्याला संपूर्ण आठवड्यासाठी सुमारे सात मिनिटे येतात. कानावरचे साधन प्रत्यक्षात दहा डेसिबल कमी करत असेल, तर तीच सात मिनिटे सव्वा तासावर जातात. साधनाचा उपयोग एवढा मोठा आहे, आणि त्याची मर्यादाही याच आकड्यांत दिसते, कारण मिरवणूक सव्वा तासात संपत नाही.

साधन आवाज किती डेसिबलने कमी करते ते सांगणारा एनआरआर हा अमेरिकी पद्धतीचा आकडा आहे आणि एसएनआर हा युरोपातील. दोन्ही प्रयोगशाळेत, प्रशिक्षित माणसाने नीट बसवलेल्या साधनावर मिळतात. घरात ते तसे बसत नाही. म्हणून अमेरिकेत कामगारांसाठी हिशेब करताना एनआरआरमधून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरण्याची सावध पद्धत आहे. २२ एनआरआरची जोडी असेल तर भरवशाचे संरक्षण साडेसात डेसिबल धरायचे. एसएनआरसाठी ब्रिटनची सुरक्षा यंत्रणा ४ डेसिबल वजा करायला सांगते. मुलांच्या बाबतीत मी स्वतः त्याहूनही कमी धरते, कारण मूल मान वळवते, घाम येतो, मफ सरकतात. ज्या जोडीवर एनआरआर किंवा एसएनआर नाही आणि युरोपातील ईएन ३५२ सारख्या मानकाचा उल्लेखही नाही, तिच्यावर ३५ लिहिलेले असो वा ५०, ती घेऊ नये.

एक गोष्ट खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. युरोपीय खोक्यावर एसएनआरच्या शेजारी एच, एम आणि एल असे तीन आकडे असतात, म्हणजे उच्च, मध्यम आणि खालच्या पट्टीतील आवाज किती कमी होतो ते. एचला ३० आणि एलला १५ असे दिसणे अगदी नेहमीचे आहे. ताशाच्या कडकडाटाला एच आणि एम उपयोगी पडतात. ढोल आणि डीजेसाठी मात्र एल पाहायचा, आणि दोन जोड्यांचा एसएनआर सारखा असेल तर ज्याचा एल जास्त तो निवडायचा. मोबाइलवरची डेसिबल मोजणारी ॲप्स बहुधा खालच्या पट्टीला कमी वजन देणाऱ्या ए-मापनात आकडा दाखवतात आणि बऱ्याच फोनचे माइक शंभरच्या आसपास अडखळू लागतात. डीजेसमोर उभे राहून फोनने ९५ दाखवले म्हणून निश्चिंत होऊ नये.

तुमच्या मुलीसाठी मुलांच्या मापाचे इअरमफच योग्य आहेत. या वयात फोमचे इअरप्लग मी सुचवत नाही. कानाची नळी अरुंद असते, प्लग अर्धवट बसतो आणि बाहेर काढलेला प्लग तोंडात जाण्याची भीती असते. थ्री-एम पेल्टर आणि अल्पाइन यांच्या मुलांच्या जोड्या भारतात मागवता येतात. दुसरी कोणतीही घेतलीत तरी मानकाचा क्रमांक पाहून घ्या. तुम्ही करंगळीने पाहिलेली फट हीच सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे, कारण एवढ्याशा फटीतूनही खालच्या पट्टीतला आवाज सरळ आत शिरतो. जोडी आणल्यावर घरात मिक्सर लावून तिला घालायला द्या आणि तुमच्या तळव्यांनी दोन्ही कप हलकेच आत दाबा. दाबल्यावर आवाज एकदम कमी झाला असे ती म्हणाली, तर मफ नीट बसत नाहीत. केस कपाच्या आतून मागे घ्या, डूल काढून ठेवा, चष्मा असेल तर त्याच्या काडीमुळेही काही डेसिबल वाया जातात. पट्टी डोक्याच्या मधोमध राहील आणि कानाची पाळी पूर्ण कपात जाईल हे पाहा.

आठ महिन्यांच्या बाळाला रस्त्यावर नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. तान्ह्या मुलांसाठी मऊ पट्ट्याचे मफ मिळतात, पण ते एखाद्या लग्नाच्या कार्यालयातून दहा मिनिटांत बाहेर पडेपर्यंतच्या कामाचे आहेत. बाळ मान हलवत राहते, पट्टा सरकतो, त्याला त्रास झाला तर ते रडण्यापलीकडे काही सांगू शकत नाही, आणि मिरवणुकीत ते रडणे ऐकूही येत नाही. मफ घालून बाळाला झोपवू तर मुळीच नये.

टोलावर_हात

मी पथकात ताशा वाजवतो आणि नव्या मुलांना शिकवतो, म्हणून भाच्यापुरते लिहितो. वरील ताईंनी मिरवणुकीचा हिशेब मांडला, पण वादकाच्या कानांवरचा खरा भार सरावाचा असतो. नदीकाठच्या मांडवात महिना-दीड महिना रोज संध्याकाळी सराव चालतो. वर पत्रा, तिन्ही बाजूंना ताडपत्री, आणि आत ओळीने उभे असलेले ढोल. पत्र्यावरून परतणारा आवाज रस्त्यावरच्या आवाजाहून अधिक बोचरा असतो. त्यामुळे कानात जे काही घालायचे ते सरावाच्या पहिल्या दिवसापासून घालायचे. मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा घातले तर ठेका परका वाटतो आणि पोरे ते काढून खिशात टाकतात.

नववीतल्या मुलाला फोमचे प्लग घालता येतात, मात्र ते नीट शिकवावे लागतात. स्वच्छ, कोरड्या बोटांनी प्लग वळून अगदी बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान धरून वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला तर समोरून पाहणाऱ्याला तो जवळजवळ दिसत नाही. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग म्हणजे कापसाचा बोळाच. गुलालाने माखलेल्या बोटांनी तो कधीही हाताळू नये. यासाठी मी मुलांना मिरवणुकीआधीच घालायला लावतो आणि खिशात छोट्या डबीत एक कोरी जोडी ठेवायला सांगतो.

फोमची एक अडचण अशी की तो वरची पट्टी फार खातो. मग ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचे भराभर पडणारे ठोके, अस्पष्ट होते आणि ढोल तेवढा घुमत राहतो. ज्याला पुढे वाजवतच राहायचे आहे त्याने वादकांसाठीचे, आत गाळणी असलेले सिलिकॉनचे प्लग घ्यावेत. त्यांत सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या खाली येतात, त्यामुळे ताशा ताशासारखाच ऐकू येतो, फक्त हळू. ते फोमपेक्षा थोडे कमी संरक्षण देतात, पण शेवटपर्यंत कानात राहतात, आणि माझ्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. भाच्याला ठेका बदलताना ताशाप्रमुखाच्या हाताकडे पाहण्याची सवय लावा. कानांवरचे ओझे त्याने बरेच कमी होते.

शिकवणाऱ्याला आणखी एक विनंती करून पाहा. नव्या मुलाला ताशांच्या अगदी समोर उभे करू नये आणि सरावात मधूनमधून मांडवाबाहेर विश्रांती द्यावी. आमच्याकडे हे सांगितल्यावर कुणी नाही म्हटलेले नाही.

निळा_आकाशकंदील_नाशिक

माझा मुलगा स्वमग्न आहे आणि त्याच्यासाठी इअरमफ ही वर्षभराची गरज आहे, म्हणून साधन घेण्याविषयी नव्हे तर ते घालण्याविषयी चार गोष्टी सांगते.

मफ घरात आले की ते लगेच डोक्यावर चढवू नका. आम्ही ते आधी खेळण्यांच्या टोपलीत ठेवले, बाहुल्याला घातले, मग त्याने स्वतः आरशासमोर घातले. पहिल्या वेळी दोन मिनिटे पुरतात. ज्या दिवशी बाहेर गडबड आहे त्याच दिवशी पहिल्यांदा घातले, तर मुलाच्या मनात मफ आणि भीती यांची गाठ पडते आणि नंतर ती सुटत नाही. ‘कान दुखले तर सांग’ असे सांगण्याऐवजी आमची एक खूण ठरलेली आहे: दोन्ही तळवे कानांवर ठेवले की आम्ही तिथून निघतो. निघायचे म्हणजे निघायचे, ‘हा एक गणपती पाहून’ असे नाही. मूल खुणेवर विश्वास ठेवते तो याच कारणाने.

आमच्या श्रवणतज्ज्ञांनी एक बाब आवर्जून सांगितली होती, ती अशा मुलांच्या पालकांसाठी लिहिते. शांत घरात, वर्गात, जेवताना सतत मफ घालून ठेवले तर साध्या आवाजांविषयीची संवेदनशीलता वाढत जाते. म्हणून मोठ्या आवाजापुरते घालायचे आणि आवाज संपला की काढायचे. हे सोपे नाही, आम्हालाही पुष्कळ धीर धरावा लागला.

आणि ‘सवय होते हो’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना माझे नम्र सांगणे असते की मनाला सवय होते, कानाला होत नाही. आतल्या कानातल्या ज्या पेशी आवाज टिपतात त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

दिवाळीचाही विचार आत्ताच करावा. फटाक्याचा आवाज क्षणभराचा असतो, पण तो क्षणच पुरेसा ठरतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे फटाका फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर आवाजाची कमाल मर्यादा, सी-मापनातील (खालची पट्टीही जवळपास पूर्ण मोजणाऱ्या मापनातील) शिखर, म्हणजे क्षणभराचा सर्वांत मोठा आवाज, धरले, तर १४५ डेसिबल आहे. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने शिखराची जी मर्यादा सुचवली होती ती १२० आहे. म्हणजे नियमात बसणारा फटाकासुद्धा मुलाच्या जवळ वाजवण्याजोगा नाही. आमच्या सोसायटीत हा आकडा सूचनाफलकावर लावल्यानंतर मोठे फटाके मागच्या मैदानात नेले गेले.

आइंडहोवनकर

नेदरलँड्समध्ये राहतो, त्यामुळे एक संदर्भ देतो. इथे संगीत कार्यक्रमांचे आयोजक आणि सरकार यांच्यात २०१८ साली झालेल्या करारात वयानुसार मर्यादा ठरवलेल्या आहेत: प्रौढांच्या कार्यक्रमांना १५ मिनिटांच्या सरासरीने १०३ डेसिबल, पण १३ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कार्यक्रमांना ९१. मुलांचा आकडा वेगळा असावा हे इथे आयोजकांनी मान्य केले आहे. आपल्या मंडळांच्या बैठकीत कुणी हा मुद्दा मांडू शकेल का? निदान पहिले काही तास, जेव्हा लहान मुले रस्त्यावर असतात, तेव्हा भिंतीसारखे रचलेले स्पीकर नकोत एवढे तरी मागता येईल. मानाच्या गणपतींपुढे ढोल-ताशा, टाळ आणि सनई असते. मुलांना नेमके तेच पाहायला मिळावे असे मला मनापासून वाटते.

इथून कुणी नातेवाईक गणपतीला येणार असतील तर त्यांना मुलांचे मफ आणायला सांगावे. औषधांच्या आणि बाळांच्या साहित्याच्या दुकानांत ते सहज मिळतात आणि एच-एम-एल आकडे खोक्यावर किंवा आतल्या पत्रकात छापलेले असतात.

नारायणपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. मुलीसाठी मानकाचा क्रमांक आणि एलचा आकडा पाहून मुलांच्या मापाची जोडी मागवली आहे, आणि मिक्सरची परीक्षा घेतल्याशिवाय ती वापरणार नाही. बाळाला घेऊन पत्नी आदल्या दिवशीच कोथरूडला तिच्या आत्याकडे जाईल. भाच्याच्या पथकप्रमुखांशी बोललो. त्यांनी विश्रांतीचे लगेच मान्य केले.

दोन शंका उरल्या आहेत. मुलीला नेमके कुठे उभे करावे? चौकात गर्दी असली तरी मोकळे वाटते, तर गल्लीच्या तोंडाशी गर्दी कमी असते. दुसरे असे की आमच्याकडे विमानप्रवासात वापरायचे, आवाज रद्द करणारे हेडफोन आहेत. ते भाच्याला किंवा मला चालतील का? आणि नंतर कान तपासून घ्यावेत का?

श्रवणतज्ज्ञ_मिरज

हेडफोनचे आधी सांगते, कारण हा गैरसमज वाढतो आहे. ती यंत्रणा विमानाच्या इंजिनासारखा एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज कमी करण्यासाठी आहे. ताशाच्या अचानक येणाऱ्या ठोक्यापुढे आणि फटाक्यापुढे तिच्यावर विसंबता येत नाही, आणि संरक्षक साधन म्हणून तपासलेला आकडाही तिला नसतो. शिवाय गोंगाटात संगीत लावले की आवाज आपोआप वाढवला जातो. तुमच्यासाठीही फोमचे प्लगच घ्या. वडिलांच्या कानात प्लग दिसला की मुलगी मफ काढायचा हट्ट कमी करते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

उभे राहण्याच्या जागेबद्दल: मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना सलग इमारती असल्यामुळे तेवढा उतरत नाही, आणि स्पीकरची लांब रांग असेल तर आणखी कमी उतरतो. म्हणून रस्त्याच्या कडेने मागे सरकून फारसा लाभ नाही. गल्लीत शिरून इमारतीच्या कोपऱ्याआड जाणे जास्त उपयोगी, कारण सरळ येणारा आवाज भिंत अडवते. डीजे जवळ येताना दिसला की आत जायचे, तो पुढे गेला की पुन्हा बाहेर यायचे, असे करत करत बराच वेळ थांबता येईल. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मात्र मुलांना उभे करू नका. पुष्कळदा स्पीकरची वरची रांग नेमकी त्याच उंचीवर येते. घरात परतल्यावर रस्त्याकडच्या खोलीत न बसता आतल्या खोलीत बसा आणि खिडक्या घट्ट लावा.

मुलीला सर्दी असेल, कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असल्याचे पूर्वी कुणी सांगितले असेल, तर कानाच्या आत काहीही घालायचे नाही. बाहेरून बसणारे मफ चालतात. घरी आल्यावर कानाच्या मागे आणि जबड्याजवळ त्वचा लाल झाली आहे का ते पाहा. तसे असेल तर पट्टी फार घट्ट आहे.

तपासणीचे असे की मुलांना कानात शिटी वाजते आहे हे सांगता येत नाही. ‘डास गुणगुणतो’, ‘कानात पाणी गेले’, ‘टीव्ही हळू आहे’ अशा शब्दांत ते बाहेर येते. मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशीही असे काही म्हणाली, किंवा हाक मारल्यावर नेहमीपेक्षा उशिरा वळू लागली, तर थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जायला हवे. साडेचार वर्षांच्या मुलीची खेळातून शुद्ध-स्वर तपासणी बहुधा करता येते. ध्वनीमुळे झालेली हानी त्या तपासणीच्या आलेखात प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास खळग्यासारखी दिसते. बाळासाठी ओएई ही काही मिनिटांची, न दुखणारी तपासणी असते. जन्मानंतर ती झाली नसेल तर मिरवणुकीशी संबंध नसतानाही करून घ्यावी. पुण्यात मोठ्या रुग्णालयांत सोय आहे, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही कामे नियमित चालतात.

भाच्याची तपासणी मात्र सराव सुरू होण्याआधीच करून घ्या, म्हणजे उत्सवानंतरचा आलेख कशाशी ताडून पाहायचा ते हातात राहील. पहिल्या तपासणीच्या आधी निदान एक संपूर्ण दिवस त्याने ढोलापासून आणि हेडफोनपासून दूर राहावे, नाहीतर कानांचा तात्पुरता थकवाच मोजला जाईल.